अक्कानं लाज सोडली

भाच्याचा फोन आला तेव्हा मी श्रीगोंद्याच्या स्टँडवर कर्जतच्या गाडीची वाट बघत होतो. अक्काला भेटायलाच निघालो होतो. "मामा, सावकाश या... आता घाई न्हाई," एवढंच तो म्हणाला. त्याला आज पाच आठवडे झाले.

अक्का माझी थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी तिच्या वस्तीवर गेलो होतो, तर ज्वारी काढता काढता ती मटकन खाली बसली. खोदून विचारल्यावर कळलं, चार महिने लघवीतून रक्त जात होतं. सुनेलाही तिनं पत्ता लागू दिला नव्हता. "कसं सांगू आप्पा? लई लाज वाटायची रं." मी मास्तर, पोरांना आरोग्याचे धडे शिकवण्यात जन्म गेला... आणि माझ्याच बहिणीची ही गत.

पुण्यात तपासण्या झाल्या. किडनीत कॅन्सर होता आणि तिथून हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत त्याची गाठ वाढत गेली होती. डॉक्टरांनी रोबोटनं शस्त्रक्रिया करू म्हटलं. अक्का म्हणाली, "म्हंजी मशीन कापनार? मग तुमी काय करनार?"

"मावशी, मशीन माझ्याच हातानं चालतं. पण धोका आहे. गाठीचा तुकडा सुटला तर जिवावर बेतेल."

अक्कानं पदर सावरला. "खरं सांगितलंत, बरं केलंत. करा."

सात तास आम्ही बाहेर बसून होतो. शीर उघडून गाठ काढली, शीर पुन्हा शिवली, किडनीही काढली. पाचव्या दिवशी अक्का आपल्या पायांनी चालत गाडीत बसली.

पुढचं दीड वर्ष चांगलं गेलं. माणसांत मान वर न करणारी अक्का आता बाजारच्या दिवशी बायकांना बाजूला घेऊन सरळ विचारायची, "रगात जातंय का गं?" कुणी हसायच्या, कुणी चिडायच्या. दोघींना तर कापडी पिशवी खांद्याला अडकवून तिनं स्वतः दवाखान्यात नेलं. मग कॅन्सर फुप्फुसात निघाला. औषधं चालू होती, पण ती थकत गेली... "ऑपरेशन उगाच केलं असं वाटतं का?" मी एकदा विचारलं. "न्हाई रं. नात शाळंत जाताना बघितली की."

परवा वस्तीवर गेलो होतो. ओट्यावर चहा घेत असताना शेजारच्या वाडीतली एक बाई आली. "अक्का हायत का?" तिला काहीच ठाऊक नव्हतं. मी कप खाली ठेवला. माझ्यासमोर कधी दोन शब्द न बोललेली सून बाहेर आली, त्या बाईला आत घेऊन गेली, दार लोटलं. बऱ्याच वेळानं दोघी बाहेर आल्या. सुनेनं खुंटीवरची अक्काची कापडी पिशवी खांद्याला अडकवली.

"मामा, घराकडं बघा. आमी दवाखान्यात जाऊन येतो."