पर्यायी रस्त्यावर बेंदूर

‘पर्यायी रस्ता’ या दोन शब्दांवर माझा राग आहे. आमच्या गावाशेजारची धावपट्टी लांब करायचं ठरलं, तेव्हा गावातून तालुक्याला जाणारा सरळ डांबरी रस्ता मधे आला. तो बंद करायचा आणि लोकांनी कालव्याकडेच्या वळशानं जायचं, असं कागदावर ठरलं. वळसा म्हणजे काळ्या रानातून जेसीबीनं ओढलेली रेघ. ना मुरूम, ना मोरी, ना दिवा. उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात चिखल. याला पर्याय म्हणायचं असेल, तर जेवणाला पर्याय म्हणून उपास द्या की! हे वाक्य मी पत्रकात ठळक अक्षरात छापलं होतं. गावानं वाचलं, हसलं आणि त्यात भजी बांधली.

आमच्या गल्लीत विमानात बसलेला माणूस एकच, माझे वडील. तेही फौजेत असताना, लेहला, सामानाच्या विमानात. आम्ही त्यांना आबा म्हणतो. रस्ता वाचवायच्या साऱ्या लढ्यात आबा एकदाच बोलले होते, “रस्ता बंद झाला की धाकटीचं कॉलेज बंद. उसाच्या रानातनं एकटी पोर मी धाडणार न्हाई.”

धाकटी म्हणजे माझी बहीण, नुकतीच अकरावी सायन्सला गेलेली. धावपट्टी कुणाची आणि विकास कुणाचा, हे माझे प्रश्न. तिचा प्रश्न एकच होता: उद्या कॉलेजला जायचं की नाही?

आणि मग खांब रोवून रस्ता बंद करायला धावपट्टीच्या कामावरचे साहेब आले ते नेमके बेंदराच्या दिवशी. आषाढातला हा आमचा बैलांचा सण शहरातल्या कॅलेंडरात कुणी बघत नाही. दुपारी जीप वेशीशी आली, मागे खांब भरलेला टेम्पो. समोर रस्त्यावर आडवा गवताचा जाड दोर, त्याला आंब्याचे डहाळे बांधलेले. तो आमचा कर. मानाचा बैल येऊन तो तोडतो, आणि तोवर खालून कुणी जात नाही. आमच्या सरपंचांची गाडीसुद्धा अलीकडेच उभी होती.

साहेब उतरले. “रास्ता रोकोची परवानगी घेतलीय का?”

“आवं सायेब, रास्ता रोको कुठला?” माझे चुलते म्हणाले. “बेंदूर हाय आज.”

“मग बैल कधी येणार?”

“निघालाय की घरातनं. पर दारोदार पोळी खात येतोय. आजच्या दिवशी त्याला घाई कोण करणार?”

साहेबांनी घड्याळ बघितलं. “पलीकडे जायला दुसरा रस्ता नाही का?”

हलगीवालासुद्धा थांबला. सणाला तासगावहून आलेली माझी आत्या तोंडाला पदर लावून म्हणाली, “हाय की! तुमीच काढलाय न्हवं!”

अख्खी वेस हसली. साहेबांचे कान लाल झाले, पण जीप वळली. टेम्पोवाला शहाणा होता, तो जागचा हलला नाही.

थोड्या वेळानं साहेब आणि ड्रायव्हर चालत परत आले. गुडघ्यापर्यंत काळी माती. एक बूट पायात, एक हातात.

“जीप रुतलीय. बैलजोडी मिळेल का?”

“आज बैलाच्या खांद्यावर जू ठेवत न्हाईत, सायेब.”

“मग तो ट्रॅक्टर?”

ट्रॅक्टर चुलत्यांचा. बैल विकून त्यांनी तो घेतला, पण बेंदूर काही सोडला नाही. बॉनेटला हळदकुंकू, आरशांना गोंडे, अंगावर नवी कोरी झूल.

“त्यालाबी आज सुट्टी. सकाळीच निवद दावलाय.”

“अहो, ते यंत्र आहे!”

“यंत्र झालं म्हून त्याला सण नगं व्हय?”

चुलते चेष्टा करत नव्हते, हीच तर मजा होती. मला इतका आनंद झाला की घोषणासुद्धा सुचेना. मी मदतीला गेले का? मुळीच नाही. पाय धुवायला पाण्याची बादली आणली ती धाकटीनं. आमच्या ओट्यावर साहेबांना बसवून तिनं पुरणपोळी वाढली, वर तूप सोडलं, आणि विचारलं, “सर, रस्ता आजच बंद करणार? उद्या माझं पहिलं प्रॅक्टिकल हाय.”

“नव्या रस्त्यानं जा की,” साहेब सवयीनं बोलून गेले, आणि आपल्याच पायांकडं बघत थांबले.

“आबा सोडत न्हाईत. तुमी तुमच्या मुलीला सोडाल का?”

आबा ओट्याच्या खांबाला टेकून उभे होते. साहेबांनी घास संपवला, हात धुतला आणि टेम्पोवाल्याला फोन लावला. “खांब परत ने. आज नाही.”

तेवढ्यात हलगी कडाडली. शिंगं लालभडक रंगवलेला मानाचा बैल धावत आला, कर तुटला, पोरांनी गुलाल उधळला. त्या गर्दीत सगळ्यात बेभान नाचत होता तो साहेबांचा ड्रायव्हर. जीप दुसऱ्या दिवशी निघाली. चुलत्यांच्याच ट्रॅक्टरनं.

त्यानंतर पत्र आलं: वळसा पक्का होईपर्यंत जुना रस्ता चालू राहील. आमच्या निवेदनांचं त्यात काहीच श्रेय नाही, असं मी म्हणणार नाही, कारण ती मी लिहिली होती. धावपट्टी शेवटी झालीच, आणि ती कुणासाठी, हे मी अजून विचारते. पण त्याआधी वळशावर मुरूम पडला, डांबर आलं, मोरी झाली, दिवे लागले आणि कॉलेजच्या वेळेची एसटी सुरू झाली.

पहिल्या गाडीनं आबा एकटेच गेले. इस्त्रीचे कपडे, पायात फौजेतले बूट. आम्ही ओट्यावर वाट बघत बसलो. धाकटीनं नखं खाऊन संपवली. परतीच्या गाडीतनं ते उतरले, शांतपणे बूट काढले, पाणी प्याले.

“रस्ता बरा हाय,” ते म्हणाले. “डायवर लय जोरात मारतो. त्याला बोललोय मी.” मग धाकटीकडं बघून, “एष्टीचा पास काढून घे.”

“कवाच काढलाय, आबा,” ती म्हणाली, आणि पळत दप्तर भरायला गेली.