खंडेनवमीला चालवलेला पंप

भोपाळ नव्या राज्याची राजधानी झालं, त्यानंतर तीन वर्षांनी काशिनाथ परचुरेला जर्मनीहून नोकरीचं पत्र आलं. पुण्याची पदवी, वर बंगळूरची मोठी पदवी. भोपाळच्या ज्या पंपांच्या कारखान्यात तो नोकरीला होता, तिथे त्याच्याइतकं शिकलेलं कुणी नव्हतं. त्याने आखलेल्या पंपाच्या चाचणीचे आकडे आणि मॅनेजरचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला, एवढं पाठवलं की जर्मनी पक्की.

चाचणीला दिवस उरला तो नेमका खंडेनवमीचा. यंत्रांना हळदकुंकू लागलं होतं, झेंडूच्या माळा चढल्या होत्या. त्या दिवशी कारखान्यात चाक फिरवत नसत.

"साहेब, आज नको," फिटर शांताराम म्हणाला. "वर्षातून एक दिवस त्यालाही निजू द्या."

"यंत्र निजत नाही, शांताराम, तूच निजतोस. काढ ती माळ. चारला टपाल जातं."

शांताराम पंपाच्या फिरत्या दांड्यावर बांधलेली माळेची सुतळी सोडवू लागला. ओली गाठ सुटेना. काशिनाथचं लक्ष घड्याळाकडे.

"झालं का?" त्याने विचारलं आणि उत्तर यायच्या आत बटण दाबलं.

माळेने शांतारामचं मनगट आत ओढलं. मोटारीच्या घरघरीतही हाड मोडलेलं ऐकू आलं. पंप थांबला तेव्हा भिंत रक्ताने माखली होती आणि पंजा कातडीला लोंबत होता.

इस्पितळात तो कापावा लागला. शांतारामच्या बायकोने, शशिकलाने, व्हरांड्यातच काशिनाथच्या तोंडावर चप्पल हाणली. मग पुन्हा हाणली. तो हलला नाही.

"अपघाताच्या अहवालात लिहा, फिटरने न विचारता हात घातला," मॅनेजर म्हणाले. "दाखला आत्ता देतो."

काशिनाथने लिहिलं : त्याचा हात दांड्यावर असताना बटण मी दाबलं.

"डोकं फिरलंय का, परचुरे? जर्मनी गेली तुमची!"

"गेली."

कामगारांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर त्यांनी त्याला सायकलवरून खाली खेचलं.

"साब जर्मनी जाएगा! हमारा हाथ काट के!"

लाथा बसल्या, लोखंडी पाना बसला. दोन बरगड्या मोडल्या, पुढचे दात पडले. मी खरं लिहून दिलंय, एवढं म्हटलं असतं तर हात थांबले असते. ते त्याच्या तोंडून निघालं नाही.

त्या कागदावर शांतारामला भरपाई मिळाली. काशिनाथ भोपाळातच निवृत्त झाला. शशिकला बाजारात समोर आली की आजही थुंकते.