माझ्या डोक्यावरची टोपी

कोऱ्या पांढऱ्या टोपीच्या खळीचा वास आला की मला अमळनेरजवळचं ते लग्न आठवतं. नव्वदीतली गोष्ट. पुण्याकडच्या एका रेडिओ दुर्बिणीसाठी मी प्रोग्राम लिहायला लागले होते आणि चुलतभावाच्या लग्नाला गावी आले होते. आदल्या दिवशी माझे वडील, आबा, यांना मी कामाबद्दल सांगितलं, तर ते सुतळी वळत नुसतं हूं हूं करत राहिले. आमच्याकडे लग्न लागण्याआधी मानाच्या पाहुण्यांना माइकवरून पुकारून टोपी-नारळ देतात, अर्थात पुरुषांनाच. त्या दिवशी माइकवाल्याने उत्साहाने मलाही पुकारलं, "ताऱ्यांच्या मोठ्या ज्योतिषी" म्हणून! शेजारच्या मावशीने लगेच तळवा पुढे केला, "माय, मना हात देख." मी कानापर्यंत लाल झाले. तेवढ्यात कापसाच्या भावाशिवाय चारचौघांत तोंड न उघडणारे आबा उठले आणि त्यांनी माइक हातात घेतला. "मनी पोर भविष्य नही सांगस. आकाशमाधला आवाज वळखाले ती कंप्युटरले शिकाडस." आबांनी ताटातली टोपी उचलली. "आबा, टोपी गडीमाणसांची असते," माइकवाला पुटपुटला. "का बरं? तिले डोकं नही शे का?" म्हणत त्यांनी ती माझ्या डोक्यावर ठेवली. ती घसरून थेट भुवयांवर आली. पुढे सत्काराच्या शाली पुष्कळ मिळाल्या, त्या कुठे आहेत आठवत नाही. टोपी मात्र माझ्या कंप्युटरशेजारी असते, आणि अजूनही मला मोठीच होते.