सोवळ्यातली सायकल

तवा तापला का हे बघायला पाणी शिंपडतात ना, तसे काकू सायकलच्या मागच्या चाकातल्या मोटरवर दोन थेंब शिंपडायच्या. चर्र झालं नाही की म्हणायच्या, "अजून दम आहे. थांबायला काय झालंय?"

तुम्ही कधी बनारसला दूधविनायकाच्या बाजूला फिरला असाल तर त्यांना पाहिलंही असेल. सत्तरीला टेकलेली बाई, नऊवारीचा घट्ट कासोटा, मागे पितळी डबे आणि खाली डोंगरात चालवायची जाड टायरांची गियरची सायकल. बनारसात डोंगर नाही, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "गुडघे आहेत की माझे," त्या म्हणाल्या. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणायची. बँकेतल्या बदलीने त्यांच्या शेजारी राहायला आलेला मीही तेच म्हणू लागलो.

महाराष्ट्रातून श्राद्धासाठी येणाऱ्या यजमानांचा सोवळ्यातला स्वयंपाक काकूंकडे असे. तो बाराच्या आत घाटावर पोचला पाहिजे आणि वाटेत कोणी शिवता कामा नये. शिवलं की सगळं पुन्हा रांधायचं. त्यामुळे माणसं कोंबणारी ई-रिक्षा बाद. आयुष्यभर त्या डबे घेऊन चालत गेल्या. मग गुडघे बिघडले.

ही बातमी लागताच आमच्या मराठी मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला. कोणाला घरी बसवायचं झालं की मंडळ शाल देतं. तीन भाषणं झाली. 'अन्नपूर्णा' हा शब्द अकरा वेळा आला. शेवटी अध्यक्षांनी स्वयंपाकाचं काम आता एका ठेकेदाराकडे जाईल असं ओघात सांगून टाकलं.

काकू शाल सावरत उठल्या. "पितृपक्षाचे डबे मीच आणणार."

"कशा आणणार, काकू? उडत?"

"सायकलवर."

सभागृह हसलं. हसण्याच्या भरात अध्यक्ष म्हणाले, "पहिल्या दिवशी बाराच्या आत अमृतराव घाटावर डबे पोचवा. ठेकेदाराला मी नको म्हणून सांगतो."

सायकल भाच्याची होती. तो पुण्याला गेला आणि ती जिन्याखाली राहिली. काकूंनी मोटरवालं चाक मागवलं. मी पुस्तिका वाचायची आणि त्यांनी पाना फिरवायचा. जुनं मागचं चाक काढून मोटरचं बसवलं, दांड्यावर बॅटरी आवळली. नाक्यावरचा मिस्त्री बजावून गेला, "अम्मा, नट कसके। ढीला रहा तो मोटर पहिया छोड़के धुरी घुमाएगी, तार टूट जाएगा।" काकू पान्यावर अख्ख्या ओणवल्या.

पहिल्या दिवशी त्या निघाल्या. मी पाठोपाठ स्कूटरवर. निम्म्या वाटेत मोटर खोकली आणि गप्प झाली. मी मिस्त्रीला फोन लावला.

"पानी डाला था?"

डाला था. सोवळ्यातले डबे न्यायचे म्हणून काकूंनी सकाळी सायकलला नखशिखान्त स्नान घातलं होतं. "गंगाजल होतं," त्या फोनकडे बघून म्हणाल्या.

"अम्मा," मिस्त्री म्हणाला, "गंगाजल भी पानी है।"

मी ढकलायला पुढे झालो. "शिवू नकोस!" काकू ओरडल्या. त्यांनी सगळ्यात हलका गियर टाकला आणि पेडल मारायला लागल्या. मोटरचं ते जड चाक, डबे आणि ते गुडघे. स्कूटर तिथेच टाकून मी पुढे धावत वाट काढत होतो, "छूना मत, भइया! छूना मत!" लोकांनी आधी मोटरच्या तारांकडे पाहिलं, मग भिंतीला चिकटले.

बाराला दहा मिनिटं कमी असताना आम्ही घाटावर पोचलो. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, मग चाक पाहिलं. "पण मोटर तर बंद आहे."

"डबे चालू आहेत," काकू म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. चार दिवस त्यांना मांडी घालता आली नाही. मोटर मात्र दोन दिवसांत सुकली. मिस्त्रीने तार खाली वाकवून दिली, पाणी आत न जाता बाहेर टपकावं म्हणून. पुढे स्नान फक्त कॅरियरला. सत्काराची शाल डब्यांखाली घडी करून असायची. खडखड होत नाही म्हणायच्या.

चार पितृपक्ष त्यांनी असे काढले.

मागच्या माघात काकू गेल्या. सायकल माझ्याकडे आली. दर रविवारी मी ती चार्ज करतो. यंदा त्यांच्याच श्राद्धाला भाचा पुण्याहून आला. स्वयंपाक अर्थात ठेकेदाराचा. साडेअकरा झाले तरी घाटावर डब्यांचा पत्ता नाही. अध्यक्षांचा फोन वाजला. त्याची ई-रिक्षा मैदागिन चौकात अडकली होती. "थोडं मागेपुढे चालायचंच," ते म्हणाले.

मी गंगेत बुडी मारली आणि ओल्या धोतरानेच सायकल काढली.

"अहो, तुम्ही कुठे सोवळ्यातले?" अध्यक्ष म्हणाले.

"सायकल आहे ना," मी म्हटलं.

चौकात रिक्षातले डबे काकूंच्या शालीवर बांधले आणि परतताना, बँकेत कधी काढला नाही असा आवाज काढून, गल्लीभर ओरडत आलो. पाच मिनिटं राखून पोचलो. भाचा डबे पान वाढायला घेऊन गेला. मी ओंजळीतले दोन थेंब मोटरवर टाकले आणि कान लावून बसलो.

चर्र झालं नाही.