भाऊचं झाकलेलं ताट

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी भाऊसाठी मऊ भाताचा डबा भरत होते. फोन ठेवला आणि पहिला विचार काय आला म्हणाल? याने हाही डबा खाल्ला नाही! देव मला क्षमा करो, पण आधी रागच आला, रडू नंतर.

माझा थोरला भाऊ शाळामास्तर. लग्न केलं नाही. माझे यजमान गेल्यावर मी मूल गावी त्याच्या घरी आले ती कायमची. सुट्टीला सायकल काढून तो सिंदेवाहीकडच्या गावांत आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला जायचा. माणूस चांगला, पण हट्टी... विचारू नका. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस सकाळी चहा आणि थेट दिवस बुडाल्यावर एक जेवण. त्यातही आवडीची सुक्या झिंग्यांची चटणी बंद. बरं, तू कर बाबा उपास! पण भाऊ जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही, ही आईची शिकवण माझ्या गळ्यात. म्हणजे उपास दोघांचा, नाव त्याचं. मी मात्र दुपारी त्याचं ताट वाढून जाळीखाली झाकायची, म्हणायची, दोन घास खा, सायकल चालवतोस. तो जाळीकडे बघायचासुद्धा नाही.

वैतागून एकदा म्हटलं, "देवानं तुले पोट काऊन देलं मंग? रोज थोडं थोडं खाल्लं तं त्याले चालत नाई का?"

"सोडनं सोपं हाय व बाई," तो म्हणाला, "बेतानं खानं मले जमत नाई."

ते मात्र खरं. ईस्टरला असा तुटून पडायचा की दुसऱ्या दिवशी ओव्याचं पाणी मीच उकळायची.

तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याच गावांपैकी एका गावातून कमलबाई भेटायला आल्या. बौद्ध घरातल्या, धानाच्या रोवण्याची मजुरी करणाऱ्या, एकट्या. त्यांच्या सासूच्या आजारपणापासून भाऊचं तिथे जाणं-येणं. डोळे पुसत म्हणाल्या, भाऊ दर खेपेला आमच्याकडे जेवत. मी विचारलं, उपासाच्या दिवसांतही?

"हो तं. झिंग्याची चटनी लय आवडे त्याईले. दुसऱ्यांदा वाढली तरी नाई म्हनत नव्हते."

मी इथे पाण्यावर संध्याकाळ गाठत होते आणि हे महाराज तिथे चटणी हाणत होते! मी बोललेच तसं. कमलबाई घाबरल्या, मग हळूच म्हणाल्या, "भाऊ म्हनत, 'कमलबाई, तुमच्या घरी नाई म्हटलं तं तुमाले वाटन, गरिबाचं खात नाई. बहिनीले नाई म्हनता येते. ती रागावते, पन वाढनं सोडत नाई.'"

घ्या! म्हणजे नाही म्हणायला याला जगात मी एकटी सापडले. इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्याच हाताला चव नाही... रात्री अंथरुणात त्यावरून रडलेय मी. एका शब्दानं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मीही दुपारी जेवले असते.

आता पुन्हा ते चाळीस दिवस सुरू आहेत. सवय जात नाही. दुपारी ताटं दोन वाढली जातात आणि एक जाळीखाली जातं. पहिले काही दिवस तर मी खुळ्यासारखी दिवस बुडेपर्यंत बसून राहिले. काल झिंग्यांची चटणी केली. त्याच्या ताटात वाढली, जाळी झाकली आणि म्हटलं, "जेवूनच आला असशील."

आणि भर दुपारी माझं ताट पुढे ओढलं.