रिकामी काच

काचेवर क्षयाचे जंतू नाहीत असे लिहिण्याआधी भिंगाखालची शंभर वर्तुळे पाहावीत, असा नियम आहे. बहुतेक ठिकाणी तो भिंतीवर टांगलेला असतो. या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुलाईघराला लागून असलेल्या प्रयोगशाळेत मात्र तो एका माणसाच्या मानेत उतरला होता. एकोणतीस वर्षे रोज वाकून ती मान पुढे झुकलेलीच राहिली होती. चाळिसाव्या वर्तुळाला कंटाळणारे आणि साठाव्याला चहा आठवणारे तंत्रज्ञ या खोलीत आले आणि बदली घेऊन गेले. हे गृहस्थ राहिले. निकाल कधी मिळेल असे कोणी विचारले, की दारातला शिपाई गंभीर चेहऱ्याने सांगे, अजून शंभरी भरली नाही. त्यावरून त्यांचे नाव शंभरीबुवा पडले. नाव ठेवणाऱ्यांना त्यात चेष्टा वाटे. बुवांना ते आपल्या नोकरीचे वर्णन वाटे, आणि वर्णन अचूक असल्यामुळे त्यांची हरकत नव्हती.

ते समाधानी होते. समाधान हा शब्द आपण पुष्कळदा ज्याला काही मिळाले नाही त्याच्या समजुतीसाठी वापरतो. बुवांचे समाधान त्या जातीचे नव्हते. आपल्या एका ‘नाही’वर कोणी निर्धास्त होऊन घरी जातो आणि एका ‘आहे’वर कोणी सहा महिने औषधे गिळतो, हे त्यांना ठाऊक होते. आपले दोन्ही शब्द खरे असतात, एवढे त्यांना पुरे होते.

त्या वर्षी रुग्णालयात एक संशोधन सुरू झाले. खोकला जेमतेम आठवडाभराचा असलेल्या माणसांतही क्षय सापडतो का, हे पाहायचे होते. प्रत्येकाचा कफ दोनदा तपासला जाई. एकदा बुवांच्या भिंगाखाली, एकदा दोन तासांत निकाल देणाऱ्या नव्या यंत्रात. संशोधनाची जबाबदारी असलेली डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाची होती, बोलण्यात मोजकी, आणि त्यांना काका म्हणे. तिच्यामुळे खोलीला पंखा आला, कोऱ्या काचांची खोकी आली, आणि काम वाढले म्हणून सफाईची जुनी मावशीही परत आली. मधली बारा वर्षे ती प्रसूती विभागात होती. आल्या दिवशी तिने नळाखालची फरशी घासून काढली आणि आपल्यामागे इथे कोणाला हात नव्हते असे दिसते, एवढेच बोलली.

पहिला दीड महिना सुरळीत गेला. नंतरच्या पंधरा दिवसांत मात्र चार काचांवर बुवांना जंतू दिसले आणि यंत्राला दिसले नाहीत. एकेका काचेवर दोन-तीनच, पण निःसंशय. निळ्या जमिनीवर बारीक लाल काड्या. बुवांच्या शब्दावर चौघांनाही औषधे सुरू झाली. मग एका दुपारी डॉक्टर आली, स्टूल ओढून बसली, पंखा नीट चालतो ना ते विचारले, आणि म्हणाली, “काका, डोळे शेवटचे कधी तपासलेत?”

प्रश्नात हेटाळणी नव्हती, काळजी होती, आणि तोच त्याचा जाच होता. हेटाळणीला उत्तर देता येते. काळजीला डोळे तपासूनच उत्तर द्यावे लागते. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. डोळ्यावरचा भरवसा उडाला तर ते दिवस औषध भांडारात खोकी उचलण्यात जातील, हे त्यांना दिसत होते. पण त्याहून वाईट विचार वेगळा होता. डोळा आज चुकत असेल, तर तो चुकायला लागला केव्हा? एकोणतीस वर्षांतल्या कुठल्या काचेपासून आपला शब्द खोटा धरायचा?

घरी त्यांनी हा विषय काढला तेव्हा बायको डाळ निवडत होती. लग्न झाल्यापासून तुम्हाला डाळीतला खडा कधी दिसलेला नाही, असे तिने त्यांना ऐकवले. पण तो लक्ष नसल्यामुळे, त्याबद्दल डोळ्यांना का नावे ठेवता, असेही वर विचारले. दुसऱ्या दिवशी ते नेत्र विभागाच्या रांगेत उभे राहिले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात निघाली. उजवा ठणठणीत होता, आणि त्यांच्या जुन्या एकनळी सूक्ष्मदर्शकात ते नेहमी उजव्यानेच पाहत.

डोळा खरा असेल तर काड्याही खऱ्या. मग त्या आल्या कुठून? बुवांनी भांडण न काढता तपास काढला. रंग नवा केला, पाणी उकळून घेतले, काचेवर भिंगाखाली टाकायच्या तेलाची बाटली बदलली. शेवटी त्यांना जे सुचले ते इतके साधे होते, की आधी न सुचल्याची लाज वाटावी. ज्या काचेवर कोणाचा कफच नाही, अशी रिकामी काच रंगवून पाहायची. सीलबंद खोक्यातली काच त्यांनी रंगवली आणि शंभरही वर्तुळे पाहिली, काही नव्हते. मग टेबलावरच्या उघड्या खोक्यातल्या तीन काढल्या. तिसरीच्या एकसष्टाव्या वर्तुळात दोन लाल काड्या शेजारी शेजारी पडलेल्या होत्या.

क्षणभर त्यांना शुद्ध आनंद झाला. डोळा निर्दोष सुटला होता. मग त्यांची नजर नळाकडे गेली. तिथे मावशी जुन्या सुती कापडावर ओल्या काचा ओळीने मांडत होती.

“मावशी, या काचा धुतल्यात?”

“मग? तुम्हीच शिकवलंत की. साबणाच्या पाण्यात उकळायच्या, स्पिरिटनं पुसायच्या.” ती पुन्हा कामाला लागली. “एवढी चांगली काच एकदा वापरायची आणि फेकायची, जीव धजत नाही साहेब. कोणी सांगितलं नाही, तरी मीच आपली धुऊन खोक्यात भरते. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.”

तिच्या स्वरावरून ती शाबासकीची वाट पाहत होती हे उघड होते.

तिचे खोटे नव्हते. बारा वर्षांपूर्वी सहा महिने रुग्णालयाला काचाच मिळाल्या नव्हत्या, तेव्हा बुवांनीच तिला धुणे शिकवले होते. पण त्या दिवसांत धुण्याआधी निवड होत असे. जंतू सापडलेली काच बुवा स्वतः बाजूला काढून फोडत, कारण रंगलेला जंतू काचेला चिकटला की उकळूनही निघेलच असे नाही. निर्मळ निघालेल्या तेवढ्याच मावशीकडे जात. निवड टेबलावर होई आणि धुणे नळाखाली, मधे आठ पावले. ती आठ पावले ओलांडून का निवडतो ते सांगावे, असे त्यांना कधी वाटले नव्हते. आता टाकाऊ काचांची बादली एकच होती आणि मावशी तिच्यातून सगळ्याच उचलत होती. काम वाटताना आपण हाताला कृती देतो आणि कारण स्वतःजवळ ठेवतो. मग हात चुकला की त्याला अडाणी म्हणायला मोकळे होतो.

खोके गुपचूप फोडून टाकले असते तर पुढच्या काचा आपोआप निर्मळ निघाल्या असत्या. पण चार माणसे त्यांच्या शब्दावर गोळ्या खात होती. आणि मावशीचे नाव लिहिले असते तर तिच्या अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटाला पुढचा महिना उजाडला नसता. बुवांनी संध्याकाळी एक पानभर लिहिले. डॉक्टरने ते दोनदा वाचले.

“यात तुमच्या एकट्याचंच नाव आहे, काका.”

“काच निवडायची कशी हे माहीत असलेला मी एकटाच होतो.”

तिने पान घडी करून फायलीत लावले. डोळ्यांचे मी विचारले ते मनावर घेऊ नका, असे ती म्हणाली. विचारले हे बरेच झाले, असे बुवा म्हणाले, आणि डाव्या डोळ्याची हकिगत सांगितली.

चौघांना परत बोलावले. तिघांचा कफ नव्या काचांवर निर्मळ निघाला, यंत्रानेही तेच सांगितले; त्यांची औषधे थांबली. चौथी शिवणकाम करणारी बाई होती. तिच्या पहिल्या वेळच्या कागदावर ‘नमुना लाळेसारखा’ असा शेरा होता, आणि लाळेत यंत्रालाही काही सापडत नाही. बुवा स्वतः तिला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेले. खोल, पोटापासून खोकायचे, असे त्यांनी समजावले. बाई संकोचली. घरी ती उशीत तोंड खुपसून खोकत असे, सासूला ऐकू जाऊ नये म्हणून.

मावशीने डबी पुढे धरली. “इथं सासूबाई नाहीत. खोक बिनधास्त, मी कोणाला सांगत नाही.”

बाईला हसू आले, हसण्यातून खोकला आला, आणि या खेपेला डबीत हवे ते आले.

अर्धा नमुना यंत्रात गेला, अर्धा बुवांकडे. सीलबंद खोके फोडून त्यांनी काच घेतली, बरोबर एक रिकामीही रंगवली. रिकामीवर काही नव्हते. दुसरीवर ऐंशीपर्यंत काही नव्हते. त्र्याऐंशीव्या वर्तुळात तीन काड्या होत्या. त्यांनी शंभर पुरी केली, आणखी तीन सापडल्या, आणि वहीत निकाल लिहिला. डॉक्टर दारात उभी होती. यंत्राचे कळेपर्यंत थांबला असतात तरी चालले असते, असे ती म्हणाली.

“थांबलो असतो तर तो माझा निकाल राहिला नसता,” बुवा म्हणाले.

यंत्राला अजून दीड तास होता. तो त्यांनी भिंग पुसण्यात काढला, पुसलेले पुन्हा पुसण्यात काढला. चारच्या सुमारास डॉक्टर कागद घेऊन आली आणि तो त्यांच्या वहीशेजारी ठेवला. दोन्हींत एकच शब्द होता. बाईची औषधे चालू राहिली.

दुसऱ्या दिवसापासून कामाची सुरुवात एका रिकाम्या काचेने होऊ लागली. संशोधनाच्या नियमांत डॉक्टरने तशी ओळ घातली. ती काच रंगवायचे काम बुवांनी मावशीकडे दिले, आणि पहिल्या दिवशी तिला स्टुलावर बसवून शिवणवाल्या बाईची काच भिंगाखाली लावली. इतकी वर्षे त्या खोलीत वावरून मावशीने नळीला डोळा लावला नव्हता. तिने बराच वेळ पाहिले.

“हे उकळूनसुद्धा जात नाही?”

“नाही.”

“मग आधीच सांगायचं ना, साहेब.”

“सांगायला हवं होतं,” बुवा म्हणाले.

त्यांनी तिची स्वतःची रिकामी काच लावून दिली. तिने एक वर्तुळ पाहिले, काहीच नाही म्हणून मान वर केली. बुवांनी बोट वर करून अजून नव्याण्णव उरल्याचे सांगितले. मावशीने स्टूल पुढे ओढले, पदर खोचला आणि पुन्हा डोळा लावला. दारात कोणीतरी निकालाची चौकशी करत होते. बुवांनी शिपायाला आतूनच सांगितले, मावशींची शंभरी भरू दे.