पिंपातलं पाणी
शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानापाशी शेवाळलेल्या पाण्याचा वास आला की मला परळच्या चाळीतली आमची काचेची टाकी आठवते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत थोरला भाऊ तुरुंगात गेला, तेव्हा जाताना मला बजावून गेला होता, "टाकी लहान आहे, या चार एंजल माशांवर आणखी एकही वाढवू नकोस." मी मात्र तो परतल्यावर खूश व्हावा म्हणून आणखी सहा आणले. थोड्याच दिवसांत पाणी गढुळलं, त्यात एका जोडीने अंडी घातली आणि ती दोघं बाकीच्यांना चावे घेऊन हुसकू लागली. बिचाऱ्यांना पळायला जागाच नव्हती. एका दुपारी सगळेच वर येऊन धापा टाकायला लागले. बाहेर कर्फ्यू होता, नळाला पाणी दुसऱ्या दिवशी पहाटे येणार होतं आणि आमची कळशी रिकामी होती. मी रडत शेजारच्या कोळीणमावशींकडे धावले. टाकी बघून त्या म्हणाल्या, "अगो पोरी, येवढ्याशा जागंत येवढी कोंबलीस? पयली वेगली कर त्यांना!" मग त्यांनीच स्वतःच्या पिंपातलं पाणी आणून आमच्या घंगाळात आणि पातेल्यांत ओतलं. तरी संध्याकाळपर्यंत तीनच मासे जगले. महिन्याभराने भाऊ सुटून आला, तेव्हा मी त्याला सगळं रडत रडत सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मग मावशींच्या घरी त्या दिवशी प्यायला काय होतं?" मी ते त्यांना विचारलंच नव्हतं. पुढेही धीर झाला नाही, आणि आता विचारायला मावशी राहिलेल्या नाहीत.